आकाशातील भावंडांची ओळख

विवाहविधीत सप्तपदीनंतर नवदांपत्यास अरुंधतीचे दर्शन घडविण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक घरांतून अजूनही पाळली जाते. अरुंधतीचा तारा मंद आहे. तो एकदम दाखवू गेल्यास पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रथम सप्तर्षींतील ठळक वसिष्ठ दाखवावयाचा आणि मग त्याच्या अगदी शेजारी असलेल्या मंद ताऱ्याकडे दृष्टी वळवावयाची, अशी रीत आहे. शास्त्रग्रंथांनी या रीतीस ‘अरुंधतीदर्शन न्याय’ असे नाव दिले. ज्ञात व ठळक वस्तूवरून अज्ञात व सूक्ष्म वस्तूकडे जाणे, हा त्याचा अर्थ होय.

आधुनिक खगोलशास्त्रातील एक महत्त्वाची शोधमोहीम आज नेमक्या याच न्यायाने चालली आहे. सूर्याच्या परिसरात काही तरुण तारे एकाच दिशेने, एकाच वेगाने प्रवास करीत आहेत. ती एकाच वेळी जन्मलेली भावंडे आहेत. त्यांपैकी ठळक तारे ओळखले गेले आहेत; परंतु त्यांची संख्येने अधिक असलेली लहान, मंद भावंडे इतर असंख्य ताऱ्यांच्या गर्दीत हरवलेली आहेत. ती शोधून काढणे, त्यांचे कूळ निश्चित करणे आणि त्यावरून त्यांचे वय ठरविणे, असे या मोहिमेचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेचे आहे. तरीही हा विषय समजून घेताना असे आढळून आले, की यातील मूळ विचार कोणाही सुबुद्ध नागरिकास कळण्याजोगा आहे. ज्या पुरावा-पद्धतीने आपण वारसाची वा वयाची नोंद तपासतो, तीच पद्धत येथे आकाशाच्या पाटीवर वापरली जाते.

सप्तर्षींचे कूळ

सप्तर्षींतील सात तारे म्हणजे क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा, वसिष्ठ आणि मरीची. ते एकत्र दिसतात, म्हणून ते एका कुळातील असावेत, असे आपण सहज मानतो. परंतु आकाशातील शेजार हा बहुधा दृष्टिभ्रम असतो. दोन तारे एका रेषेत दिसले, तरी त्यांतील एक दुसऱ्याहून कितीतरी दूर असू शकतो.

सन १८६९ मध्ये रिचर्ड प्रॉक्टर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्यांच्या मंद सरकण्याचा अभ्यास करून दाखवून दिले, की या सातांपैकी पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा आणि वसिष्ठ हे पाच तारे एकाच दिशेने चालले आहेत. दोन टोकांचे क्रतू व मरीची मात्र निराळ्याच दिशेने जातात. पुढे अंतरे मोजली गेली, तेव्हा या निष्कर्षास पुष्टी मिळाली. मधले पाच तारे आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत. मरीची शंभराहून अधिक, तर क्रतू सुमारे १२० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे सात ऋषींपैकी पाचच सख्खे. उरलेले दोघे केवळ वाटेत दिसणारे. अरुंधतीही या पाचांच्याच कुळातील आहे.

अशा समूहास आपण ‘सहगामी तारकागट’ असे म्हणू. सप्तर्षींच्या गटाचे वय सुमारे ४० कोटी वर्षे आहे. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे, हे ध्यानात घेतल्यास हे ऋषी वयाने बरेच लहान आहेत, असे म्हणावे लागेल.

अरुंधतीचा मंद सोबती

सन २००९ मध्ये या जुन्या ओळखीच्या जोडीत एक भर पडली. अमेरिकेतील संशोधकांच्या दोन स्वतंत्र गटांना अरुंधतीच्या अगदी निकट एक मंद तांबूस तारा आढळला. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे पाव ते एक-तृतीयांश एवढेच आहे. अरुंधतीच्या तेजात तो इतकी वर्षे लपून राहिला होता. तो मागे कोठेतरी दूर असलेला परका तारा नसून अरुंधतीचाच सोबती आहे, हे कसे ठरविले? काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा निरीक्षण करण्यात आले. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकल्यासारखे दिसतात. अरुंधती सरकली, तसाच तोही बरोबरीने सरकला. परका असता तर तो मागे राहिला असता.

ज्या अरुंधतीवरून ‘न्याय’ तयार झाला, तिच्याच बाबतीत तो न्याय एक पायरी पुढे गेला: वसिष्ठावरून अरुंधती आणि अरुंधतीवरून तिचा लाल सोबती.

लहान ताऱ्यांचे महत्त्व काय?

ज्या ताऱ्यांचे वस्तुमान सूर्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, त्यांस ‘लाल बटू तारे’ म्हणतात. सूर्याच्या परिसरातील दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तारे या वर्गातील आहेत. आणि तरीही ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. गावाच्या शिरगणतीत चार वाड्यांपैकी तीन वाड्या वगळल्या, तर त्या गणतीस काय अर्थ राहील? ताऱ्यांच्या गणतीची स्थिती दीर्घकाळ तशीच होती.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ग्रहांची निर्मिती ताऱ्याच्या बालपणीच होते. नव्या ताऱ्याभोवती वायू व धुळीची तबकडी असते आणि तीतून काही लाख ते काही कोटी वर्षांत ग्रह घडतात. आपली पृथ्वी कशी घडली, हे पाहावयाचे असेल तर तरुण तारे पाहावे लागतात. मृग नक्षत्रातील तेजोमेघात असे तारे विपुल जन्मत आहेत. परंतु तो तेजोमेघ तेराशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. सहगामी गटांतील काही तरुण तारे मात्र शंभर प्रकाशवर्षांच्या आत आहेत. शिवाय तारा मंद असला की त्याच्या शेजारचा ग्रह दिपून जात नाही, म्हणून छायाचित्रात पकडणे सुकर होते.

याची दोन उदाहरणे पाहू. वासुकी तारकासमूहातील ‘टी डब्ल्यू हायड्री’ हा तारा अतिशय तरुण आहे, परंतु त्याच्या आसपास जन्मदात्या मेघाचा मागमूस नाही, ही गोष्ट सन १९८३ मध्ये ध्यानात आली. मेघाविना हे बालक आले कोठून, असा प्रश्न उभा राहिला. पुढे त्याच भागात तसेच आणखी तारे सापडले आणि सन १९९७ मध्ये क्ष-किरणांच्या निरीक्षणांच्या साह्याने पाच तारकाप्रणालींचा एक गट निश्चित झाला. त्याचे वय सुमारे एक कोटी वर्षे आहे. याच गटातील एका तपकिरी बटूशेजारी, म्हणजे पूर्ण तारा होऊ न शकलेल्या वस्तूशेजारी, सन २००४ मध्ये गुरूच्या सुमारे पाचपट वस्तुमानाचा एक सोबती छायाचित्रात टिपला गेला. सूर्यमालेबाहेरील ग्रहसदृश वस्तूचे ते पहिले प्रत्यक्ष छायाचित्र मानले जाते.

दुसरे उदाहरण ‘बीटा पिक्टोरिस’ या ताऱ्याचे. दक्षिण आकाशातील तेजस्वी अगस्त्य ताऱ्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर तो आहे. सन १९८४ मध्ये त्याच्या भोवतालच्या धुळीच्या तबकडीचे छायाचित्र मिळाले. परंतु हा तारा एकटाच असल्यामुळे त्याचे वय नक्की करता येत नव्हते. सन १९९९ मध्ये ‘ए यू मायक्रोस्कोपी’ हा लाल बटू त्याचा सहप्रवासी असल्याचे दाखविण्यात आले आणि सन २००१ पर्यंत त्यांच्या संपूर्ण गटाची मांडणी झाली. लहान भावाच्या जन्मनोंदीवरून थोरल्याचे वय कळावे, तसा हा प्रकार घडला. या गटाचे वय आज सुमारे दोन ते अडीच कोटी वर्षे मानले जाते.

गतीची साक्ष

दोन तारे सहप्रवासी आहेत, हे कसे सिद्ध करतात? त्यासाठी तीन गोष्टी मोजाव्या लागतात. पहिली, ताऱ्याचे अंतर. दुसरी, आकाशाच्या पटलावर तो दरवर्षी किती सरकतो, ती त्याची ‘निजगती’. तिसरी, तो आपल्याकडे येतो की आपल्यापासून दूर जातो, ती दृष्टिरेषेतील गती. आगगाडी जवळ येताना शिटीचा स्वर चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो. त्याचप्रमाणे येणाऱ्या ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस व जाणाऱ्याच्या तांबड्या बाजूस सरकतात. या सरकण्यावरून तिसरी गती मिळते.

शाळेच्या मैदानावर याचा प्रयोग सहज करता येईल. एक विद्यार्थी मध्यभागी उभा करावा. दोन विद्यार्थ्यांनी एकाच दिशेने, सारख्याच पावलांनी चालावे. एकाने उभ्या विद्यार्थ्याच्या समोरून आडवे जावे, दुसऱ्याने त्याच्यापासून सरळ दूर जावे. मध्यभागीच्या विद्यार्थ्यास पहिला झपाट्याने सरकताना दिसेल. दुसरा मात्र जवळजवळ जागच्या जागी राहून लहान होत जाताना दिसेल. चाल एकच, पण दर्शन निराळे.

बीटा पिक्टोरिस आणि ए यू मायक्रोस्कोपी यांचे नेमके असेच आहे. पृथ्वीवरून पाहता ते एकमेकांपासून जवळजवळ काटकोनात आहेत. गणित माध्यमिक शाळेच्या पातळीचे आहे. ताऱ्याची निजगती विकलांमध्ये घ्यावी. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला, हे पंचांगामुळे आपल्या परिचयाचेच आहे. अंतर पार्सेकमध्ये घ्यावे; एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. या दोहोंचा गुणाकार करून त्यास ४.७४ ने गुणले, की ताऱ्याची आडवी गती किलोमीटर प्रतिसेकंद या मापात मिळते.

ए यू मायक्रोस्कोपीची निजगती वर्षास ०.४५७ विकला व अंतर ९.७ पार्सेक आहे. म्हणून आडवी गती सुमारे २१ किलोमीटर होते. तो सेकंदास सुमारे ४.५ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत आहे. बीटा पिक्टोरिसची निजगती केवळ ०.०८३ विकला व अंतर १९.५ पार्सेक, त्याची आडवी गती ७.७ किलोमीटरच भरते, परंतु तो सेकंदास २० किलोमीटर वेगाने दूर जात आहे. आता पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे दोन्ही गतींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे. पहिल्याची एकूण गती २१.५ आणि दुसऱ्याची २१.४ किलोमीटर प्रतिसेकंद येते. एक आडवा जातो आणि दुसरा दूर पळतो, असे दिसत असले तरी दोघांची चाल एकच आहे. दिशांचा हिशेब केला असता दिशाही जुळते. हे दोघे आज एकमेकांपासून सुमारे ७० प्रकाशवर्षे दूर आहेत, तरीही त्यांनी जन्मगावाहून निघतानाची चाल सोडलेली नाही.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. बीटा पिक्टोरिसच्या गटातील तारे आपल्याभोवती सर्व दिशांना विखुरलेले आहेत. ते एका ठिकाणी गोळा झालेले दिसत नाहीत, म्हणूनच त्यांची ओळख पटण्यास विसावे शतक संपावे लागले.

वयाची साक्ष

तथापि केवळ गती जुळली म्हणजे नाते सिद्ध झाले, असे नव्हे. पुण्याहून नाशिककडे एकाच वेगाने जाणाऱ्या दोन गाड्यांतील प्रवासी एकाच गावचे असतात, असे थोडेच आहे? आकाशगंगेत वृद्ध तारेही योगायोगाने तशाच गतीने जात असतात. यास्तव दुसरी, स्वतंत्र साक्ष वयाची घ्यावी लागते.

लाल बटूच्या बाबतीत ही साक्ष अवघड आहे. तो प्रौढ झाला, की अब्जावधी वर्षे त्याच्या रूपात फारसा फरक पडत नाही. परंतु बालपणाची काही लक्षणे त्याच्या ठायी निश्चित आढळतात. पहिले म्हणजे तो पूर्णपणे आकुंचन पावलेला नसतो. त्यामुळे त्याच रंगाच्या प्रौढ ताऱ्याहून मोठा आणि अधिक तेजस्वी असतो. दुसरे, तो स्वतःभोवती वेगाने फिरतो. ए यू मायक्रोस्कोपी पाच दिवसांच्या आत एक फेरी पूर्ण करतो. आपल्या सूर्यास सुमारे पंचवीस दिवस लागतात. या भ्रमणामुळे प्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, ताऱ्यावर मोठे डाग पडतात, ज्वाला उसळतात आणि क्ष-किरण व जंबुपार किरण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात.

तिसरे व अत्यंत बोलके लक्षण लिथियम या मूलद्रव्याचे. जन्माच्या वेळी प्रत्येक ताऱ्यात थोडे लिथियम असते. लहान ताऱ्यातील वायू भांड्यातील उकळत्या पाण्याप्रमाणे वरखाली घुसळला जातो. गाभ्याचे तापमान सुमारे २५ लाख अंशांवर गेले, की तेथे पोहोचलेले लिथियम नष्ट होते. अशा रीतीने बहुतेक लाल बटूंमधील लिथियम काही कोटी वर्षांत संपते. म्हणून ताऱ्याच्या वर्णपटाच्या तांबड्या भागात ६७०८ अँगस्ट्रॉमच्या ठिकाणी लिथियमची रेषा ठळक दिसली, तर तो तारा तरुण असल्याचा तो जवळजवळ जन्मदाखलाच ठरतो. फार लहान तपकिरी बटूंचा गाभा इतका तापतच नाही. त्यांना मात्र हा नियम लागू पडत नाही.

प्रत्येक लक्षणास असा काही ना काही अपवाद आहे. एकमेकांभोवती निकट फिरणाऱ्या जोडताऱ्यांत वृद्धापकाळीही वेगवान भ्रमण व क्ष-किरण आढळतात. म्हणून एका साक्षीवर निर्णय दिला जात नाही. स्थान, अंतर, निजगती आणि दृष्टिरेषेतील गती यांवरून तारा कोणत्या गटाचा असण्याची शक्यता किती, हे संगणकाने काढतात. या कामासाठी कॅनडातील संशोधकांनी विकसित केलेल्या एका प्रसिद्ध पद्धतीचे नाव ‘बॅनियन’, म्हणजे आपला वटवृक्ष, असे आहे. तिच्या सन २०१८ च्या आवृत्तीत सुमारे ४९० प्रकाशवर्षांच्या आतील २७ तारकासमूहांचा समावेश होता. शक्यता भरपूर असली तरी तारा ‘उमेदवार’ म्हणूनच नोंदविला जातो. वर्णपटाने वयाची खात्री दिल्यावरच त्यास सभासदत्व मिळते.

या कामास खरी गती दिली ती युरोपच्या ‘गाया’ या अवकाश दुर्बिणीने. ती १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रक्षेपित झाली आणि जानेवारी २०२५ पर्यंत तिने निरीक्षणे केली. सन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या नोंदवहीत सुमारे १८० कोटी खस्थ ज्योतींची नोंद आहे. पूर्वी एकेका ताऱ्याचे अंतर काढण्यास वर्षे लागत. आता प्रश्न माहितीच्या अभावाचा राहिला नसून तिच्या पारखीचा आहे.

चुकीच्या नोंदीचे परिणाम

ही पारख इतकी काटेकोर का असावी? नवजात ग्रह तप्त असतो व काळाबरोबर निवत जातो. त्यामुळे छायाचित्रात दिसणाऱ्या मंद ठिपक्याचे वस्तुमान ठरविण्यासाठी त्याचे वय ठाऊक असावे लागते. तेच तेज तरुण वस्तूचे असेल, तर ती लहान. वृद्ध वस्तूचे असेल, तर ती खूप मोठी. वय चुकले, की ग्रहाचा तपकिरी बटू होतो किंवा तपकिरी बटूचा ग्रह.

देवयानी तारकासमूहातील ‘काप्पा’ या ताऱ्याशेजारी एक सोबती आढळल्याचे सन २०१२ मध्ये जाहीर झाले. तारा एका तरुण सहगामी गटातील आहे असे धरून त्याचे वय तीन कोटी वर्षे मानले गेले. त्यावरून सोबत्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे १३ पट, म्हणजे ग्रहाच्या सीमेवर, आले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने ताऱ्याचे वय सुमारे २२ कोटी वर्षे असल्याचे प्रतिपादन केले. तसे असल्यास सोबती गुरूच्या सुमारे ५० पट ठरतो. मग तो ग्रह राहत नाही. सन २०१६ मध्ये ताऱ्याचा आकार प्रत्यक्ष मोजून वय सुमारे पावणेपाच कोटी आणि सोबत्याचे वस्तुमान सुमारे २२ पट काढण्यात आले. ठिपका तोच होता. बदलली ती वयाची नोंद.

आपल्या परिचयाचे आणखी एक उदाहरण रोहिणीचे. रोहिणी तारा ज्या गुच्छात दिसतो, तो गुच्छ सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर आहे. रोहिणी स्वतः मात्र सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर असून त्या कुळाशी तिचा संबंध नाही. अत्यंत ठळक असल्यामुळे ती त्या घराची थोरली वाटते, इतकेच.

पुण्याचा वाटा

ताऱ्याचा वर्णपट वाचण्याची परंपरा पुण्यात जुनी आहे. कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून व मुंबई सरकारच्या साह्याने महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली. सन १८८८ पासून सुरू झालेल्या या वेधशाळेत २० इंच व्यासाची दुर्बीण होती; ती त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास नायगमवाला यांनी पुण्यातून केला. सन १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. त्याच पुण्यात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथ सन १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि सन १९४४ मध्ये हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली.

सन १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, स्थापन झाले आणि खंडित परंपरेस नवे बळ मिळाले. ताऱ्याचा वर्णपट पाहून त्याचा वर्ग ठरविणे, ही लाल बटू ओळखण्याची पहिली पायरी होय. हजारो वर्णपट डोळ्यांनी तपासणे अशक्य असल्यामुळे हे काम संगणकाकडून करून घेण्याची न्यूरल नेटवर्क पद्धत आयुकाचे रंजन गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी सन १९९४ मध्ये मांडली. या पद्धतीचा ताऱ्यांच्या वर्गीकरणासाठी झालेल्या आरंभीच्या वापरांपैकी तो एक होता. पुढे भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून १२७३ ताऱ्यांच्या वर्णपटांचा एक संग्रह सन २००४ मध्ये प्रसिद्ध केला. नव्या ताऱ्याचा वर्णपट ताडून पाहण्यासाठी असे संग्रह प्रमाणपत्रांच्या नमुन्यांसारखे उपयोगी पडतात.

सन २००६ मध्ये पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावरील गिरवली येथे डोंगरावर आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. सन २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय अवकाश वेधशाळेत क्ष-किरण व जंबुपार किरण टिपण्याची सोय आहे. तिच्या उभारणीत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व आयुका यांचा सहभाग होता. तरुण ताऱ्यांच्या ज्वाला रेडिओ लहरींतही प्रकट होतात आणि अशा लहरी टिपणारी जगातील एक अग्रगण्य दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडद येथे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून साकारलेल्या या महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत.

काळोख आणि शांतता

या उपकरणांस दोन गोष्टी लागतात आणि त्या कोणत्याही कारखान्यात तयार होत नाहीत. गिरवलीस काळोख लागतो आणि खोडदला रेडिओ लहरींची शांतता. रस्त्यावरचा दिवा जमिनीऐवजी आकाश उजळू लागला, की मंद तारा त्या उजेडात बुडतो आणि दिव्याच्या प्रकाशातील रेषा ताऱ्याच्या वर्णपटात मिसळतात. लिथियमची नाजूक रेषा शोधणाऱ्यास हा उजेड कसा अडथळा आणीत असेल, याची कल्पना करता येईल.

येथे विकास आणि विज्ञान यांचा मेळ घालण्याचा प्रश्न खराखुरा आहे. नियोजित पुणे-नाशिक लोहमार्गाच्या पूर्वीच्या आखणीमुळे खोडदच्या दुर्बिणीस बाधा येईल, असा आक्षेप पुढे आला आणि गेल्या काही वर्षांत ती आखणी बदलण्याचा विचार करावा लागला. परिसरातील शेतकरी व व्यापारी यांची लोहमार्गाची मागणीही तितकीच न्याय्य आहे. असे प्रश्न एका बाजूचे नसतात. परंतु काही उपाय मात्र कोणाचेही नुकसान न करता योजता येतात. ग्रामपंचायतीने पथदिवे बसविताना त्यांना वरून झाकण असलेले निवडावेत, प्रकाश खाली पडेल असे पाहावे, पिवळसर छटेचे दिवे घ्यावेत आणि गरज नसलेले दिवे मध्यरात्रीनंतर बंद ठेवावेत. यात विजेची बचत आहे आणि आकाशाचे रक्षणही.

शिक्षकांसाठी एक सूचना करावीशी वाटते. वैशाख महिन्यात रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेस उंच आलेले असतात. विद्यार्थ्यांना प्रथम वसिष्ठ व मग अरुंधती दाखवावी; ज्यांना ती दिसेल त्यांना तिच्या लाल सोबत्याची हकीकत सांगावी. मग पाच सख्खे व दोन परके ओळखावयास लावावे. माघ महिन्यात रात्री साडेआठच्या सुमारास काळोख्या जागी उभे राहून दक्षिण क्षितिजावर अगस्त्य शोधावा आणि त्याच्या पश्चिमेचा मंद बीटा पिक्टोरिस नुसत्या डोळ्यांनी दिसतो का, ते पाहावे. त्याच्याभोवती ग्रह असल्याचे आज ठाऊक आहे.

पुण्यास सहल गेल्यास आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिका अवश्य दाखवावी. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूस ‘पुलस्त्य’ असे नाव देण्यात आले आहे. ते ‘पु.लं.’चे स्मरण आहे, तसेच सप्तर्षींतील एका ताऱ्याचेही. आणि तो पाच सख्ख्यांपैकी एक आहे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

आपल्या सूर्याचीही एके काळी अशीच भावंडे असली पाहिजेत. सुमारे ४६० कोटी वर्षांच्या प्रवासात ती आकाशगंगेत दूरवर पांगली आणि त्यांची सोबत सुटली. अडीच कोटी वर्षांच्या ए यू मायक्रोस्कोपीची भावंडे मात्र अद्याप हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांतील ठळक तारे आपणास माहीत झाले. मंद तारे ओळखावयाचे राहिले आहेत. कोणाचेही नाव घाईने नोंदवू नये आणि लहान म्हणून कोणाचेही नाव गाळू नये, हा चांगल्या नोंदवहीचा नियम पंचायतीच्या दप्तरास लागू आहे, तसा तो आकाशाच्या दप्तरासही लागू आहे.